तीन तासांचं सुतक

संयोगिता वाइंगडे आयुष्यात तीन तास विधवा होती. दोन हजार एकोणीसच्या सप्टेंबरात, सकाळी सव्वानऊपासून दुपारी सव्वाबारापर्यंत. त्यानंतर ती पुन्हा सवाष्ण झाली, आणि सव्वा महिन्यात आमदारही झाली. मतदारसंघात लोक ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. तिच्यासमोर मात्र कोणी विषय काढत नाही.

तिचा नवरा राजवीर तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. मुरगूडजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, जिल्हा परिषदेवर निवडून आलेला. अंगानं किरकोळ, पण तोंड उघडलं की माळावरची सभा जागची हलायची नाही. त्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा हा गडी चार दिवस होडीतून उतरला नाही. माणसं काढली, म्हशींना दावी लावून पोहत काढलं, एका घरातून तर देव्हाऱ्यासकट देव काढून आणले. पाणी ओसरलं तेव्हा लोकांनी ठरवूनच टाकलं, यंदा विधानसभेला हाच. पक्षाचे इथले कारभारी तात्यासाहेब. त्यांच्या मनात स्वतःचा पुतण्या सम्राट होता, पण हवा बघून त्यांनीही मान डोलावली. "धा वर्सात मंत्री होतंय बघ हे पोरगं," असं लोक चहाच्या गाड्यावर पैजेनं बोलत.

संयोगिता कोल्हापूर शहरातली. वडील शाळामास्तर, आणि ती स्वतः मुरगूडच्या हायस्कुलात इतिहास शिकवायची. राजवीरच्या सभांना ती मागच्या रांगेत बसे आणि घरी आल्यावर चुका सांगे. "तुम्ही शेवटी शेवटी ओरडता. ओरडायची काही गरज नसते." तो हसायचा आणि पुढच्या सभेत तसाच ओरडायचा.

त्या दिवशी तो वारणानगरचा कार्यक्रम उरकून, तिथंच मुक्काम करून सकाळी परत निघाला होता. गाडी तोच चालवत होता, शेजारी त्याचा कार्यकर्ता गुंडू. वळणावर म्हैस आडवी आली. तिला वाचवायला गेला आणि गाडी चिंचेच्या बुंध्यावर बसली. गुंडूचं डोकं फुटलं, हात मोडला. शुद्ध जाण्याआधी त्यानं एकच फोन लावला, संयोगिताला. "वैनी, दादा गेलं," एवढंच बोलला आणि फोन बंद पडला. एका टेम्पोवाल्यानं दोघांना उचलून कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं, तिथं राजवीरला तसंच ऑपरेशनला आत घेतलं, आणि बाहेर कोणालाच धड काही कळेना.

गावात मात्र सगळं कळलं होतं. दुकानं बंद झाली. मोबाइलवर त्याचा फोटो काळ्या चौकटीत फिरायला लागला. दहा वाजता छपाईवाल्यानं श्रद्धांजलीचे फलक छापायला घेतले. संयोगिता कोल्हापूरला निघाली होती, पण दारातच तिला बायकांनी धरलं. "आगं, मढं हिकडंच आणायल्यात, तू कुठं निघालीस?" चार वर्षांच्या लेकीला, अंतराला, कोणीतरी शेजारी नेलं. गल्लीतली वडीलधारी शालूबाई रडत रडत आली आणि तिनं संयोगिताचे दोन्ही हात उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली. संयोगिताला ती दुखली नाही. तिला फक्त वाटलं, ही घाई कशाला करतायत सगळी?

साडेअकराला तात्यासाहेब आले. बायकांना बाहेर काढून तिच्यासमोर जमिनीवरच बसले. डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुनबाई, ही येळ न्हवं, मला कळतंय. पण आठ दिवसांत आचारसंहिता लागंल. राजवीरची जागा मोकळी ऱ्हायली तर कोण बी येऊन बसंल. तू उभी ऱ्हातीस काय?"

तिनं वर बघितलं. मनगटातून रक्त येत होतं. आणि ती म्हणाली, "राहते."

विचार केला नाही, सासूला विचारलं नाही, रडणंही थांबलं नव्हतं. पण शब्द स्पष्ट निघाला, वर्गात हजेरी घेताना निघतो तसा.

सव्वाबाराला गुंडूचा दुसरा फोन आला, दवाखान्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून. तो ढसाढसा रडत होता. "वैनी, माजं चुकलं. दादा हायत. श्वास हाय. डाक्टरांनी सांगितलं, हायत!" तिनं किंकाळी फोडली, देवापुढं कोसळली, हसली, शालूबाईच्या गळ्यात पडली. ते सगळं खरं होतं. पण त्या आनंदाच्या पदराला काहीतरी बारीक, टोकदार अडकून आलं, आणि ते तिनं कुणाला दाखवलं नाही.

राजवीर सव्वा महिना शुद्धीवर नव्हता. त्यानं उभं राहणं शक्यच नव्हतं, आणि तात्यासाहेबांना शब्द मिळालेला होता, तेव्हा अर्ज तिचाच भरला गेला. सभेत तात्यासाहेब तिला पुढं करून सांगायचे, "या माउलीच्या कुंकवाकडं बघा!" बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मरणाच्या दारातल्या माणसाला मत द्यायला लोकांच्या रांगा लागल्या, आणि ती एकतीस हजारांनी निवडून आली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी राजवीरनं डोळे उघडून तिच्याकडं ओळखीचं बघितलं. तिनं विचारलं, "पाणी देऊ?" तो म्हणाला, "चमचा." पुन्हा विचारलं. पुन्हा "चमचा." त्याचे स्वतःचेच डोळे घाबरले.

मार नेमका बोलण्याच्या जागी बसला होता. समजायचं सगळं, शब्द सापडायचा नाही. गुंडू रोज त्याच्या उशाशी बसून मतदारसंघातल्या गावांची नावं वाचायचा, आणि राजवीर ती मागोमाग म्हणायला लागला. गावं आधी परत आली. मग अंतराचं नाव आलं. बायकोचं नाव यायला फेब्रुवारी उजाडला.

पाच वर्षं गेली. संयोगिता शिकली. पहिल्या वर्षी तिच्या हातात राजवीरच्या जुन्या भाषणांचे कागद असायचे, दुसऱ्या वर्षी ते पर्समध्ये राहायला लागले, नंतर घरीच. ती ओरडायची नाही. अधिकाऱ्यासमोर मास्तरणीसारखी बसून एकच प्रश्न तीन वेळा विचारायची. तिनं ओढ्यावरचे दोन पूल केले, मुलींसाठी सकाळची एसटी सुरू करून घेतली, बंद पडलेला आरोग्य केंद्राचा दवाखाना डॉक्टरासकट उघडला. गाडी चालवायलाही शिकली, कारण राजवीरचा डावा पाय आता नीट उचलत नव्हता.

राजवीर घरात असायचा. आलेलं प्रत्येक पत्र वाचायचा, कडेला पेन्सिलीनं खुणा करायचा. बाकी वेळ काठी टेकत अंगणात येरझाऱ्या. दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून दारापर्यंत. फरशीवर काठीचा ठक ठक आवाज. लोक आले की त्याला वाकून नमस्कार करत, "दादांचा पुनर्जन्म झाला की," म्हणत, आणि त्याला ओलांडून आत आमदारीणबाईंकडं जात. त्याचं एखादं वाक्य सुरू झालं की समोरचा मान हलवत वाट बघायचा, जशी फाटक उघडायची वाट बघतात, आणि मग स्वतःच ते वाक्य पुरं करून टाकायचा. बहुधा चुकीचं.

दोन हजार चोवीसच्या दसऱ्यानंतर गुंडू त्याला गारगोटीच्या बाजूला ज्ञानू नावाच्या जुन्या कार्यकर्त्याकडं घेऊन गेला. नातवाचं बारसं होतं. गोठ्याच्या मागं वैरणीची गंजी होती, आणि गंजीवर ताणून बांधलेला एक मोठा फलक. राजवीर थबकला. फलकावर तोच होता. बत्तीस वर्षांचा, हसरा, फेट्यातला. खाली जाड अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

ज्ञानू धावत आला, कानशिलं लाल झालेली. "दादा, वंगाळ वाटून घिऊ नका. तवा छापला आन् लावलाच न्हाय, पडून हुता. पलास्टिक लई भारी हाय. पाच पावसाळं काढलं, थेंब गळला न्हाय."

राजवीर हसला म्हणे. गुंडूनं नंतर सांगितलं, हसला, जेवला, बाळाच्या हातात नारळ दिला. घरी आला तेव्हा दुपार होती आणि संयोगिता कागद चाळत बसली होती. तो समोर उभा राहिला.

"यंदा... तिकीट... मला."

तिनं चष्मा काढला. हे कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. रोज त्या ठक ठक आवाजात ती ते ऐकतच होती.

"बसा तरी."

"न्हाय बसत. माझी... जागा हाय ती. तुला माझ्यामुळं..." शब्द अडला. तो कपाळाला हात लावून त्याच्यामागं धावला. "...माझ्यामुळं मिळाली."

"हो. तुमच्यामुळं मिळाली. पाच वर्षं मी झोपा काढल्या का?"

"तसं म्हटलो न्हाय."

"तसंच म्हटलात. मलाही उभं राहायचंय. मला आवडतं हे काम. आज सांगते, मला ते पहिल्यापासून हवं होतं." तिचा आवाज चढला, आणि आपण ओरडतोय हे तिच्या लक्षात आलं. मग जे पाच वर्षं पदराला अडकलं होतं ते तिनं खेचून काढलं. "तात्यासाहेबांनी मला विचारलं तेव्हा तुम्ही गेलात असंच आम्ही धरून चाललो होतो. मी तुमचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. आणि मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. लगेच हो म्हटलं."

राजवीरनं विचारलं, "किती वाजता?"

"काय?"

"‘व्हय’... किती वाजता म्हटलीस?"

"साडेअकरा असतील."

"आन् गुंडूचा फोन?"

"सव्वाबारा."

तो वळला आणि अंगणात गेला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. अंतरा आता नऊ वर्षांची. तिनं आईला विचारलं, "पप्पा एवढं का चालायलेत?" फायलीत संयोगिताचं लक्ष लागेना. ती गच्चीवर जाई, खाली बघे, परत येई. घरात दोन माणसं चालत होती आणि एकमेकांना चुकवत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून गाडीपाशी उभा होता. "चल. तात्याकडं."

निम्मी वाट सरली. मग तो समोर रस्त्याकडं बघत म्हणाला, "पाऊण तास... तू मला मारून बसलीस. मी पाच वर्सं... रोज तुझं तिकीट मारायचा इचार करतोय." थांबला. "कोण जास्त वाईट... तू सांग. इतिहासाची बाई हायस."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. समोरून उसाच्या मजुरांची ट्रॉली येत होती, म्हणून तिला दोन्हीही नीट करता आलं नाही.

तात्यासाहेबांनी दोघांना चहा दिला, अंतराची चौकशी केली, राजवीरच्या पायाला कोणतं तेल लावायचं ते सांगितलं. मग म्हणाले, "मला तुम्ही दोगंबी सारखीच. तुमच्या घरात भांडान लागलंय असं कानावर आलं. संसार मोडून मला राजकारण नगं. सोमवारी सम्राटचा अर्ज भरायलोय."

संयोगिता उठली. "तात्यासाहेब, पाच वर्षांचं काम आहे माझं."

"हाय की. कोण न्हाय म्हणतंय?" त्यांनी पानाचा डबा उघडला. "पण सुनबाई, खरं सांगू? कुंकवाची हवा एकदाच चालती."

राजवीरनं काठी जमिनीवर आपटली. तोंड उघडलं. शब्द येईना. तात्यासाहेब मान हलवत, सवयीनं, त्याच्या वाक्याची वाट बघत राहिले, आणि मग सवयीनंच ते पुरं करायला गेले, "व्हय व्हय, तुजं म्हणनं मला—"

"थांबा," राजवीर म्हणाला. "माझं... मीच... बोलणार." पूर्ण एक मिनिट गेलं. "ही... अपक्ष... उभी ऱ्हाणार."

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर ती त्याच्यावर भडकली. "मला न विचारता? मागं तात्यासाहेबांनी निदान विचारलं तरी होतं, तुम्ही परस्पर जाहीर करून मोकळे!"

"मग नगं?"

तिनं किल्ली फिरवली, गाडी सुरू केली, परत बंद केली. "तुम्ही का नाही राहत?"

"विधानसभेत... माझं एक वाक्य हुईस्तवर... अधिवेशन संपंल." तो स्वतःच्या विनोदावर हसला नाही. "मागच्या खेपंला तुला... माझ्या मरणाची मतं पडली. आता मी जिता हाय. हिथं... शेजारी. बघू... तुझी सवताची किती पडतात."

हा मोठेपणा होता की आव्हान, की तिच्या तोंडून स्वतःचीच निवडणूक लढवायची युक्ती, हे तिला त्या दिवशी कळलं नाही. प्रचारभर कळलं नाही. ती विचारत राहिली नाही एवढंच. कपबशी हे चिन्ह मिळालं आणि गाडी गावोगाव फिरायला लागली.

एका वाडीवर बायडाबाई नावाची म्हातारी सभेच्या मधोमध उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमदारीण, मी तुला मागच्या टायमाला मत दिलतो. तुझा दादला जातोय म्हणून दिलतो. आता त्यो धडधाकट बसलाय की हितं! आता काय बघून दिऊ?"

लोक हसले. संयोगितानं माइक खाली घेतला. तिच्याकडं उत्तर तयार होतं, पूल, एसटी, दवाखाना. पण राजवीर आधीच उभा राहिला होता. हसणं थांबलं. लोकांनी ती दयेची मान हलवायला सुरुवात केली. त्यानं हात वर करून ती थांबवली.

"मला बघून... देऊ नगा," तो म्हणाला. "हिला पाच वर्सं... तुम्ही बघितलंय. मी पण बघितलंय. घरात बसून... दुसरं काम काय हुतं मला?" लोक पुन्हा हसले, पण वेगळं. "आवडली न्हाय... तर पाडा. पण... हिला पाडा. मला मेलेल्याला... कशाला मधी घेता?"

बायडाबाई बसली. मत कुणाला दिलं ते तिनं कधी सांगितलं नाही.

मतमोजणीच्या दिवशी सकाळी ती पुढं होती. आठव्या फेरीपर्यंत पुढं. मग सम्राट वर आला, मग ती, मग सम्राट. ती मंडपाच्या कडेला उभी होती, खुर्चीवर बसवेना. सोळाव्या फेरीला तिच्या मनात एक विचार आला. पाच वर्षांपूर्वी राजवीर खरंच गेला असता, तर आज ती कुंकवाशिवाय, पांढऱ्या साडीत, आरामात तीस हजारांनी पुढं असती. तात्यासाहेबांनी तिचं तिकीट कापायची हिंमत केली नसती. चौकात राजवीरचा पुतळा असता आणि दर वर्षी तिथं तिनं हार घातला असता. विचार पुरा झाला आणि तिनं मागं वळून बघितलं. राजवीर खुर्चीत वाकून, मांडीवरच्या कागदावर गावागणिक आकडे लिहीत होता, आणि त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. ती गेली आणि त्याच्या शेजारी बसली.

"काय गं?"

"काही नाही. बसले."

ती दोन हजार एकशे सेहेचाळीस मतांनी पडली. बाहेर सम्राटच्या पोरांनी गुलाल उडवला, हलगी सुरू झाली. सम्राट स्वतः येऊन तिच्या पाया पडला, तेही तिला खोटं वाटलं नाही. गुंडू मात्र गाडीला डोकं टेकून रडत होता. जणू हेही त्याच्याच फोनमुळं झालं होतं.

"घरी जाऊ," संयोगिता म्हणाली. तिनं गाडी काढली. दोनचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं, दोन्ही बाजूंना तुरे फुटलेला ऊस. तिला वाटलं होतं रडू येईल. त्याऐवजी पायात मुंग्या येत होत्या, कुठंतरी जायचं राहून गेल्यासारख्या.

राजवीर कागद वाचत होता. "पाच नंबरच्या वाडीवर... अकरा."

"अकरा काय?"

"मतं. साडेतीनशे घरं... अकरा मतं." त्यानं बोटानं फाटा दाखवला. "हिकडं वळ."

"आज?"

"का? आज... कुणाचं काय भ्या हाय? तिकीट... मागायचं न्हाय, मत मागायचं न्हाय."

तिनं आरशात बघितलं. मागं कोणी नव्हतं. तिनं गाडी फाट्याला वळवली.

वाडीच्या पारावर सात-आठ माणसं बसली होती. जिंकलेल्याची मिरवणूक यायची म्हणून थांबली असतील. पडलेली उमेदवार आणि तिचा नवरा गाडीतून उतरलेले बघून सगळे उठून उभे राहिले. एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा म्हणाला, "पावणं, वाट चुकलासा काय?"

"नाही," संयोगिता म्हणाली. तिनं चपला काढल्या आणि पाराच्या कडेला बसली. "तुमच्या वाडीनं मला अकरा मतं दिली. ती कुणाची ते सांगू नका. बाकीच्यांनी का दिली नाहीत, तेवढं सांगा."

एकानं घसा खाकरला. "तसं न्हवं बाई..."

"तसंच हाय," मागनं एक बाई घागर खाली ठेवत मोठ्यानं बोलली. "मी सांगतो. तुमी पूल बांधला, पर कुठं बांधला? वरच्या अंगाला! पावसाळ्यात आमची पोरं अजून ओढ्यातनंच जात्यात. हिथं एकदा तरी येऊन बघितलासा?"

आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. राजवीरनं कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं.